केसांची निगा आणि १८९० साल



‘केसांची निगा’ हा विषय मला देण्यात आला तेव्हा माझ्या शेजारी बसलेले दोघे कार्यकर्ते हसले. त्यांचे हसणे वाजवी होते. ज्याच्या डोक्यावर आता मोजकेच केस उरले आहेत, आणि ज्याचे आयुष्य गेटसभा, बोनस व हजेरीपट यांत गेले, त्याने केसांवर बोलावे ही थट्टाच म्हणायची. तरीही मी विषय परत केला नाही. माझे शाळेतले शिक्षण थोडे. जे काही वाचले ते रात्रपाळीच्या आगेमागे वाचले. त्या वाचनात एक गोष्ट माझ्या ध्यानी आली होती. या देशातील गिरणी कामगारांना पहिल्याने संघटित करणारा जो पुरुष, तोच केसांच्या प्रश्नावर झालेल्या एका विलक्षण संपाच्या मागे उभा होता. आणि कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही त्याच वर्षी. ते वर्ष १८९०. तेव्हा केसांच्या निगेचा विषय मी त्या वर्षाच्या वाटेने सांगणार आहे.

आरंभी केस म्हणजे काय एवढे पाहू. आपल्या डोक्यावर साधारण एक लाखाच्या आसपास केस असतात. केस महिन्याकाठी सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, काही वर्षे वाढत राहतो, मग दोनतीन महिने थांबतो आणि गळतो. त्याच मुळातून पुन्हा नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे हा रोग नव्हे. दुसरी गोष्ट अशी की जिवंत असते ते कातडीतले मूळ. बाहेर दिसणारा केस मेलेला असतो. त्याला भूक नाही, तहान नाही. कापला तर दुखत नाही. आणि गंमत पाहा, या मेलेल्या धाग्यावर माणसांनी जितका मान, जितका अपमान आणि जितकी सत्ता टांगली तितकी दुसऱ्या कशावरही क्वचितच टांगली असेल.

याचा पुरावा शोधायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आपल्या मौद्याच्या उत्तरेला, रामटेकच्या अलीकडे नगरधन आहे. तेच वाकाटकांचे नंदिवर्धन. रामटेकजवळच्या मनसरला सापडलेली वाकाटककालीन शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या मस्तकावरची केशरचना पाहिली म्हणजे दगडात केस विंचरणारा तो कारागीर किती बारीक नजरेचा असेल हे कळते. त्याच वाकाटकांच्या काळात अजिंठ्याची सतरावी लेणी रंगली. तीत आरसा हाती धरून शृंगार करणारी राजकन्या आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर सैल अंबाडे आहेत, वेण्या आहेत, खांद्यावर सोडलेले कुरळे केस आहेत. आणि पुरुषांचेही केस बायकांइतकेच निगुतीने राखलेले आहेत.

कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहतो, तो रामगिरी म्हणजे आपले रामटेकच, असे नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार प्रतिपादन केले. त्या काव्यातली यक्षपत्नी पतीच्या विरहात केसांना तेल लावीत नाही. एकच वेणी घालून बसते, आणि ती वेणी शाप संपल्यावर पतीने सोडवायची असते. केसांची निगा टाकणे ही तिथे शोकाची खूण आहे. परंतु ही खूण तिने स्वतः धरलेली आहे. कोणी तिचा हात धरून तिला बसवलेले नाही. आणि याच नंदिवर्धनात, चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधीवर, प्रभावतीगुप्ता ही विधवा राणी मुलगा अज्ञान असल्यामुळे राज्य चालवीत होती. तिच्या नावाचे ताम्रपट आहेत. विधवेच्या नावे राजाज्ञा निघत होत्या ती भूमी आपली आहे, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

केसांची निगा म्हटली की ती राखणारे हात आले. आपल्या गावगाड्यात हे हात न्हाव्याचे. आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे त्याला म्हालीही म्हणतात. तो बलुतेदार. वर्षभर गावाच्या हजामती करायच्या आणि सुगीला खळ्यावर आपले धान्य मागायला उभे राहायचे. लग्नकार्यात त्याला मान, पण बसायला जागा कडेची. या समाजात संत सेना महाराज झाले. प्रतापगडावर १६५९ साली शिवाजी महाराजांवर वार करायला धावलेल्या सय्यद बंडाला ज्याने अडवले तो जिवा महालाही याच समाजाचा. आणखी एक गोष्ट. आज घराघरांत शांपूची पुडी आहे. ‘शांपू’ हा शब्द इंग्रजीत आपल्याकडूनच गेला. डोके चेपणे, ‘चांपणे’ हे त्याचे मूळ. पाटण्याचा शेख दीन महंमद १८१४ च्या सुमारास इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह काढून लोकांचे अंग चेपून देऊ लागला, आणि पुढे तिथल्या राजघराण्यापर्यंत त्याचा लौकिक गेला. चंपी करणाऱ्याच्या घामाचा तो शब्द. आज तो बाटलीवर आहे आणि चंपी करणारा मात्र स्टुलाशी उभाच आहे. असो.

सत्ता केसांपर्यंत कशी येते याची दोन उदाहरणे देतो. १६४५ साली चीनमध्ये मांचू राज्यकर्त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक चिनी पुरुषाने कपाळाकडचे डोके भादरून मागे शेपटी राखावी. न राखील त्याचे डोके जाईल. १८०६ साली वेल्लोरला कंपनी सरकारने शिपायांच्या दाढीमिशा आणि पागोटी यांबद्दल नवे नियम केले, आणि जुलैच्या दहा तारखेला शिपायांनी बंड केले. सत्ताधाऱ्याला माणूस मुठीत आला आहे की नाही हे पाहायचे असले म्हणजे तो आधी त्याच्या डोक्याला हात घालतो.

पण परक्यांची उदाहरणे सांगताना आवाज मोठा होतो, आणि घरचे सांगताना घसा कोरडा पडतो. आपल्या महाराष्ट्रात उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या घरांतून, नवरा मेला की बाईचे केस काढीत. त्याला केशवपन असे शास्त्रीय नाव होते. बालविवाहाच्या त्या काळात ही ‘बाई’ पुष्कळदा दहाबारा वर्षांची पोर असे. लाल आलवण, एक वेळचे जेवण, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा न्हावी, असा हा जन्मभराचा क्रम. केस पुन्हा पुन्हा वाढतात. तेव्हा अपमानही पुन्हा पुन्हा करावा लागतो. मेलेल्या केसाला दुखत नाही असे मी मघाशी म्हणालो. दुखत होते ते त्याखालच्या माणसाला.

याविरुद्ध लिहिणारे निघाले. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला. आगरकरांनी ‘सुधारका’तून या चालीवर कोरडे ओढले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतल्या यमूच्या वपनाचे प्रकरण ज्यांनी वाचले असेल त्यांना ते विसरता येणार नाही. काम करणारेही निघाले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून फसवल्या गेलेल्या विधवांना आसरा दिला. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. तिथे शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विवाह केला.

लेख निघाले, घरे निघाली. पण वस्तरा चालूच होता. कारण वस्तरा ज्याच्या हातात त्याला कोणी विचारलेच नव्हते. विचारले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. रेल्वेत आणि टपालखात्यात कारकुनी, मग गिरणीत भांडारपालाची नोकरी. ते जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे. १८८० पासून ‘दीनबंधु’ हे पत्र त्यांनी मुंबईतून चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी मागण्या पुढे केल्या: रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, पगार वेळेवर मिळावा, काम करताना जायबंदी झालेल्याला भरपाई मिळावी. आमच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामगारांनी पगाराच्या दरावरून १८७७ सालीच काम बंद केले होते. पण मागण्या लिहून, सह्या घेऊन, चिकाटीने पाठपुरावा करण्याचा धडा लोखंड्यांनी घालून दिला.

हेच लोखंडे १८९० साली मुंबईतल्या न्हावी बांधवांकडे गेले. सभा भरली. विधवांच्या डोक्याला आपण वस्तरा लावणार नाही, असा निर्धार त्या सभेत झाला. जोतीरावांच्या सत्यशोधक चळवळीने हा विचार आधीपासूनच पेरला होता. मुंबईत त्याला संपाचे रूप आले.

मंडळी, मी संप पुष्कळ पाहिले आहेत. संप म्हटला की मागणी असते: महागाई द्या, काढलेल्या माणसाला परत घ्या, आठ तासांचे आठच ठेवा. संपकऱ्याला पदरात काही पडावे ही अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. पण या संपात न्हाव्यांच्या पदरात काय पडणार होते? काही नाही. उलट हक्काचे गिऱ्हाईक जाणार होते. केशवपन हे एकदाचे काम नव्हते, बांधलेले काम होते. त्याचे पैसे ठरलेले होते. शिवाय ज्या घरांना नकार द्यायचा ती घरे गावात वजनदार. असे असून त्या माणसांनी म्हटले की हे काम आम्ही करणार नाही, कारण हे काम वाईट आहे. कामाचा मोबदला किती हा प्रश्न आपण रोज विचारतो; काम करण्याजोगे आहे का हा प्रश्न त्यांनी विचारला. माझ्या मते कामगार चळवळीचा याहून मोठा क्षण क्वचितच असेल.

संपाने चाल एका दिवसात गेली असे मी सांगणार नाही. पुढे कितीतरी वर्षे ती रेंगाळली. पण जी गोष्ट धर्म म्हणून आपोआप घडत होती ती माणसाच्या हातून घडते, आणि तो हात थांबू शकतो, एवढे त्या सभेने उघड केले.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. आपला रविवार तो हा. आणि कामकऱ्यांच्या घरी रविवारी पहिली गोष्ट काय होते? चुलीवर मोठे पाणी चढते. पोरांची डोकी धुतली जातात, आई सुनेची वेणी घालते, बाप झाडाखाली हजामतीला बसतो. पहाटे सूर्याआधी गिरणीत जाऊन दिवे लागल्यावर परतणाऱ्या बाईने केसांतली कापसाची तूस केव्हा झाडायची होती? केसांच्या निगेला पहिले औषध लागते ते वेळ. ती लोखंड्यांनी मिळवून दिली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगमध्ये ते वारले.

न्हाव्यांची थोरवी सांगितली. आता इतिहासाचा न्याय पुरा करायचा तर दुसरा नकारही सांगितला पाहिजे. याच महाराष्ट्रात दलित माणसाच्या डोक्याला हात लावायलाही नकार होता. त्यामागे गावातली बाकीची गिऱ्हाइके तुटतील ही धमकी असे हे खरे. पण नकार तो नकारच. बापाने मुलाचे केस घरीच कापायचे, कसेबसे, ही पाळी आमच्या मागच्या पिढ्यांतल्या कितीतरी घरांवर आली. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली आणि १९५५ च्या कायद्याने अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. एक नकार दुबळ्याला दुखवायचे नाही म्हणून, दुसरा दुबळ्याला शिवायचे नाही म्हणून. संप करताना आपला नकार कुठल्या जातीचा, हे ज्याने त्याने तपासून पाहावे.

माझ्या अनुभवातली एक हकिगत सांगतो. कित्येक वर्षांपूर्वी एका कारखान्यात, नाव सांगत नाही, एका बाईची वेणी चालत्या पट्ट्यात गेली. जीव वाचला, कानामागची ओंजळभर कातडी केसांसकट गेली. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा निरोप आला: बायांनी केस कापून यावे, नाहीतर येऊ नये. मी बोलायला उठलो, तर माझ्या आधी त्या बाईची जाऊच बोलली, “भाऊ, केस आमचे हायेत, पट्टा त्याइचा हाये. ज्याचं त्यानं झाकावं.” १९४८ च्या कारखाने कायद्याचे एकविसावे कलम तेव्हा नेमके हेच सांगत होते: चालत्या यंत्राला आडोसा मालकाने घालायचा. मला ते कलम पाठ होते, पण इतक्या सोप्या शब्दांत कधी सांगता आले नव्हते. तीन दिवस बाया बाहेर बसल्या. चौथ्या दिवशी पट्ट्याला जाळी बसली, आणि बायांनीही अंबाडा बांधून वर घट्ट फडके बांधायचे कबूल केले. यंत्राशी काम करणाऱ्याने केस बांधलेच पाहिजेत. पण आधी जाळी, मग फडके.

केसांवर भीतीचीही सत्ता असते. केसांत गुंता होतो, तो विंचरला जात नाही, मळ व तेल साचून त्याची जट होते. मग कोणी सांगते, देवीचे बोलावणे आले. कापशील तर कोप होईल. अशा जटांपायी कितीतरी मुली देवाला सोडल्या गेल्या. जटेच्या ओझ्याने मान दुखते, उवा होतात, झोप उडते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन, समजूत घालून, बायांच्या संमतीने जटा सोडवीत आले आहेत. जट कापल्यावर कोप होत नाही. होतो तो एवढाच की मान हलकी होते.

आता निगेचे चार शब्द, आपल्या मौद्याच्या माणसांसाठी. आपल्याकडे ऊन कडक, धूळ भरपूर; कोणी औष्णिक केंद्रात राखेत काम करतो, कोणी शेतात, कोणी विड्या वळते.

डोके धुवायचे ते टाळू स्वच्छ व्हावी म्हणून. ज्याला धूळ-घाम अधिक त्याने अधिक वेळा धुवावे. कपड्याचा साबण डोक्याला लावू नये. शिकेकाई, रिठा किंवा साधा शांपू, काहीही चालेल; नीट खंगाळून काढणे महत्त्वाचे. तेलाने केस उगवत नाहीत. टक्कल घालवणाऱ्या तेलाची जाहिरात ही जाहिरातच. पण खोबरेल लावले तर केस धुताना कमी झिजतात आणि कमी तुटतात, एवढा गुण खरा. धुळीत जाण्यापूर्वी मात्र तेल चोपडू नये. ओले केस ओढून विंचरू नयेत. गुंता टोकाकडून सोडवीत वर यावे. शाळेच्या पोरींच्या वेण्या करकचून बांधू नयेत. वर्षानुवर्षे ताण बसला तर कपाळाकडचे केस कायमचे जातात. हेल्मेट दुसऱ्याचे घालू नये, आणि ओल्या डोक्यावर घालू नये. उवा झाल्या तर घरातल्या सगळ्यांचीच डोकी तपासावीत, बारीक फणीने काढाव्यात. रॉकेल कधीही ओतू नये. केस काळे करण्याचा रंग आधी कानामागे थोडा लावून पाहावा. खाज सुटली तर टाकून द्यावा. चाई पडली किंवा पोराच्या डोक्यात खपल्या धरल्या तर डॉक्टर गाठावा. आणि दाढीला बसलात की नवे पाते मागावे. त्यात कारागिराचा अपमान नाही. त्याचेही रक्षण आहे.

ताप किंवा बाळंतपण यांनंतर दोनतीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात. घाबरू नये, बहुधा परत येतात. पण बाईचे केस वर्षभर गळतच राहिले तर तेलाची बाटली बदलण्याआधी तिच्या ताटात काय पडते ते पाहावे. सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईच्या रक्तात लोह कुठून येणार? केसाचे मूळ जिवंत असते असे मी म्हणालो होतो. त्या मुळाला जेवायला लागते.

शेवटी एक अलीकडची गोष्ट. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे असले प्रकार आमच्या गावात होणार नाहीत. आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. १८९० सालच्या सभेपासून हेरवाडपर्यंत १३२ वर्षे गेली. केशवपन गेले, पण त्या चालीची भावंडे अजून घरांत आहेत. ग्रामसभा आपल्याही भागात भरतात.

येत्या रविवारी तुमच्या घरी चुलीवर पाणी चढेल. एखादी म्हातारी आत्या, एखादी विधवा वहिनी कोपऱ्यात बसली असेल. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नसेल. तिच्या केसांना तेल लावायला कोणीतरी बसावे. केसांच्या निगेवर माझे एवढेच म्हणणे आहे.